जलचरांचा हिवाळी बंदोबस्त

काष्टी हे गाव श्रीगोंदे तालुक्यात, दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले असून, शनिवारी तेथे भरणाऱ्या जनावरांच्या बाजाराची वार्ता ज्याच्या कानी गेलेली नाही असा शेतकरी नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ सालापासून ज्यास सरकारदप्तरी अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात, शोधूनही सापडावयाचा नाही. त्या बाजारात बैलाचे ओठ वर करून तो दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे याचा निवाडा निमिषार्धात देणारे, गाय चार पावले चालवून तिच्या सडांविषयी आणि स्वभावाविषयी भाकीत वर्तविणारे, आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून, चेहऱ्यावरची रेषाही न हलविता हजारोंचा व्यवहार उरकणारे जे हेडे आणि दलाल जमतात, त्यांच्या सहवासात वाढलेल्या आमच्या गावाची अशी पिढीजात समजूत आहे की, जगातील कोणत्याही वस्तूची परीक्षा तीन प्रश्नांत आटोपते : वय काय, ताकद किती, आणि शेवटचा आकडा कोणता. बैलाच्या बाबतीत ही प्रश्नावली निर्दोष आहे. मोटारसायकल, ऊसतोडणीची टोळी आणि होऊ घातलेला जावई यांच्याही बाबतीत तिने सहसा दगा दिलेला नाही. परंतु काचेच्या पेटीत मासे पाळून थंडीच्या दिवसांत त्यांचे पाणी उबदार ठेवण्याकरिता जे विजेचे उपकरण लागते, त्याच्यापुढे ही प्रश्नावली कशी निष्प्रभ ठरली, याची कैफियत येथे रुजू करावयाची आहे.

आमच्या आळीत शेतीच्या मोटारी, पाइप आणि फवारणीचे पंप विकणारे एक सद्गृहस्थ राहतात. त्यांस सर्व गाव अण्णा म्हणते. अण्णांचे पुण्यास शिकत असलेले चिरंजीव दिवाळीच्या सुट्टीत घरी आले ते दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची पेटी आणि प्राणवायू भरून तोंडे बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून गप्पी, मोली आणि गोरामी या जातींचे काही मासे घेऊन. गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या हाती पिशवीत मासे असणे ही काष्टीस नवलाची गोष्ट नव्हे. नवल हे की ते जिवंत होते आणि तसेच राहावेत अशी त्यांच्या मालकाची इच्छा होती. पिशव्या न फोडता त्या पेटीतील पाण्यावर घटकाभर तरंगत ठेवाव्यात, म्हणजे आतले आणि बाहेरचे तापमान एक होते, हा विधी चिरंजीवांनी यथासांग पार पाडला. त्यानंतर सुट्टी संपवून पुण्यास परत जाताना त्यांनी वडिलांस जी आज्ञा केली, तीमुळे पुढील सर्व प्रकरण उद्भवले. ती आज्ञा अशी, की थंडी पडण्याच्या आत पेटीत हीटर बसवावा.

या आज्ञेस पहिली हरकत घेतली ती अण्णांच्या मातोश्रींनी. त्या म्हणाल्या, “आरं, भीमेतल्या माशाला कोन हिटर लावतं? मरत्यात का ते?”

प्रश्न वरकरणी बिनतोड होता, आणि त्यास दुजोरा देण्याकरिता आमच्या आळीतील दुसरे विद्वान, सेवानिवृत्त तलाठी भाऊसाहेब, यांनी आणखी एक दाखला पुढे केला. आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या खाण्याकरिता गावोगावच्या डबक्यांत आणि हौदांत जे गप्पी मासे सोडतात, ते ऐन पौषातही आपली सरकारी कामगिरी विनातक्रार बजावीत असतात. त्यांनी ऊन पाण्याकरिता कधी अर्ज केल्याचे कोणत्याही दप्तरात नमूद नाही. भाऊसाहेबांचा हा युक्तिवाद ऐकून अण्णांचा चेहरा खर्च वाचलेल्या माणसाचा होतो तसा झाला. परंतु डबक्यातील गप्पी आणि पेटीतील गप्पी यांत एका जातीचे असूनही जे अंतर आहे, ते भाऊसाहेबांच्या नजरेतून सुटले होते. डबक्यातला गप्पी थंडी सोसून उरलेल्यांच्या वंशातला असतो, आणि जे उरले नाहीत त्यांचा पंचनामा कोणी केलेला नसतो. उलट पेटीतला गप्पी शेपटीच्या रंगाकरिता पिढ्यान्‌पिढ्या कोमट पाण्यात वाढविलेला असून, थाटामाटाच्या मोबदल्यात त्याने काटकपणा केव्हाच सोडून दिलेला असतो.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर याहून निराळे आहे, आणि ते काष्टीच्या हवामानात दडलेले आहे. नदीच्या डोहात पाण्याचा साठाच एवढा असतो की एका रात्रीच्या थंडीने त्यास काही होत नाही. वरचा थर गार झाला तर रोहू, कटला आणि मरळ खाली जाऊन बसतात. दोन फुटी पेटीत खाली जावयाचे म्हटले तरी हातभरही जाता येत नाही. त्यातून आमचा मुलूख पर्जन्यछायेतला, कोरडा; हिवाळ्यात दुपारी तिशीला टेकलेला पारा पहाटे दहा-बारापर्यंत उतरतो, आणि काही रात्री त्याच्याही खाली जातो. माणूस स्वेटर घालतो, बैलावर झूल पडते, आणि हे दोघेही मुळात उष्णरक्ताचे असल्याने आपली शरीरे आतून तापवीत असतात. मासा मात्र शीतरक्ताचा, म्हणजे पाण्याचे जे तापमान तेच त्याच्या रक्ताचे. तापमान दहा अंशांनी उतरले की त्याच्या शरीरातील सर्व व्यवहार अदमासे निम्म्यावर येतात : अन्न पचत नाही, श्वास मंदावतो, रोगाचा प्रतिकार ढिला पडतो. अशा वेळी त्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. तो एका सूक्ष्म परोपजीवीचा रोग असून गारठ्याने खचलेल्या माशास तो हटकून गाठतो. तात्पर्य, उष्ण कटिबंधातील या माशांस चोवीस ते सत्तावीस अंशांच्या दरम्यानचे पाणी हवे असते. आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ते दुपारी आणि पहाटे सारखेच हवे असते. उबेपेक्षा सारखेपणाची त्यांस गरज अधिक. अपवाद गोल्डफिशचा. तो चीन देशीच्या थंड पाण्यातला असल्याने त्यास हीटर नको असतो, आणि म्हणूनच त्यास या इतरांच्या शेजारी एका पेटीत कोंडणे हा दोन्ही पक्षांवर अन्याय होय.

एवढे निवेदन झाल्यावर हीटर घेण्याचा ठराव मंजूर झाला, आणि खरी परीक्षा येथून सुरू झाली. शहरातील दुकानात अण्णांसमोर पंचवीस वॉटपासून तीनशे वॉटपर्यंतच्या काचेच्या नळ्या ओळीने मांडण्यात आल्या. अण्णांनी त्यांपैकी प्रत्येक हातात घेऊन, वजन जोखून, टोपण उघडून पाहण्याचा निष्फळ प्रयत्न करून, अखेरीस तीनशे वॉटच्या नळीवर बोट ठेवले. सोबत भाऊसाहेब आणि आम्ही होतो. आम्ही कारण विचारताच ते म्हणाले, “सर, मोटर घ्यायची म्हणलं की मी गिऱ्हाइकाला सांगतो, एक साइज मोठीच घ्या. व्होल्टेज काय आपल्या हातात हाय का?”

या उद्गारात अण्णांच्या तीस-पस्तीस वर्षांच्या व्यापाराचे सार साठलेले होते, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. विजेच्या दाबाचा आणि उष्णतेचा संबंध वर्गाचा असतो. दोनशे तीस व्होल्टच्या जागी संध्याकाळी एकशे ऐंशीच आले, तर शंभर वॉटचा हीटर जेमतेम एकसष्ट वॉटची उष्णता देतो. ज्या गावात एकाच रोहित्रावर सारी आळी तापत, उजळत आणि दळत असते, तेथे हा हिशेब नजरेआड करता येत नाही. परंतु मोटारीचा आणि हीटरचा धर्म भिन्न आहे. मोटारीने थांबू नये यासाठी आपण पैसे मोजतो, हीटरने वेळेवर थांबावे यासाठी. बैलाच्या बाजारात, आणि अण्णांच्या दुकानातही, चालण्याची परीक्षा होते. थांबण्याची परीक्षा घेण्याचा शिरस्ताच आमच्याकडे नाही.

येथे भाऊसाहेबांनी खिशातून कागद काढला. शेतसाऱ्याची आकारणी करण्यात आयुष्य गेलेल्या या गृहस्थांस हिशेबाची संधी मिळाली की ते एखाद्या तरुणासारखे खुलतात. पेटीचे घनफळ त्यांनी लिटरात काढले ते साडेछप्पन्न. त्यातून तळाची वाळू आणि माथ्याशी सोडावयाची मोकळी जागा वजा जाता निव्वळ पाणी पन्नास लिटर धरले. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे चार हजार एकशे शहाऐंशी जूल उष्णता लागते, हे आम्ही त्यांस पुरविले. मग त्यांनी कोष्टक मांडले. पन्नास वॉटचा हीटर पन्नास लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास सत्तर मिनिटे घेणार, तीनशे वॉटचा बारा मिनिटांत तेच काम उरकणार. हे ऐकून अण्णांस आपला कौल योग्यच वाटला. पण भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून पुढचा प्रश्न टाकला : “अण्णा, आणि तो थांबायला विसरला तर?” तीनशे वॉटचा हीटर थांबावयास विसरला, तर दोन तासांत पाणी सव्वीसाचे छत्तीस अंश होते, आणि इतक्या अवधीत घरातली माणसे पंगतीला जाऊनही परत आलेली नसतात. पन्नास वॉटवाल्यास तेवढी मजल मारावयास अर्धा दिवस लागेल. किंबहुना काष्टीच्या हिवाळी रात्री पेटीच्या काचांतून आणि माथ्यावरून उष्णता इतकी निसटत असते की त्यास ती मजल बहुधा मारताच यावयाची नाही. अपराध करण्याची इच्छा असली तरी ऐपत नसणे, हा लहान हीटरचा सर्वांत मोठा सद्गुण आहे.

लिटरास एक वॉट हे या व्यवहारातले सर्वमान्य प्रमाण. खोली आणि पाणी यांच्या तापमानांत चार-पाच अंशांचेच अंतर राखावयाचे असेल तर ते पुरते. दहा अंशांचे राखावयाचे असेल तर दीड ते दोन वॉट धरावे लागतात. या प्रमाणाचा विचार करताना मनूची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ओंजळीत आलेला मासा त्याने घागरीत ठेवला, घागर पुरेना म्हणून खड्ड्यात, आणि खड्डा पुरेना म्हणून अखेरीस समुद्रात नेऊन सोडला. त्या साधूस दर मुक्कामी लिटरास एक वॉट या दराने नवा हीटर घ्यावा लागला असता, तर प्रलयाच्या आधीच त्याचे दिवाळे वाजते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरणच असून, माशांच्या जाती, त्यांस घालावयाचे खाद्य आणि गळ टाकण्याची कला यांविषयी तेथे राजाने मोठ्या रसिकतेने लिहिले आहे. परंतु दख्खनच्या त्या धन्याचे मासे तळ्यांत आणि नद्यांत असल्यामुळे त्यांच्या उबेची जबाबदारी त्याने सूर्यावर सोपविलेली होती. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना मासे पाहण्याचे वेड लावले; पण समुद्रकाठच्या दमट हवेत जो प्रश्न जेमतेम डोके वर काढतो, तो आमच्या पठारावर कार्तिकापासून माघापर्यंत रोज रात्री दारात उभा असतो.

दुकानातच एका त्रयस्थ गिऱ्हाइकाने एक स्वस्त तोडगा सुचविला. बादलीतले आंघोळीचे पाणी तापवावयाचा रॉड घरात असतोच. तोच दोन मिनिटे पेटीत धरला तर हीटर हवा कशाला? हा तोडगा सांगणारा मनुष्य प्रत्येक गावात असतो, आणि त्याच्या सल्ल्याने मेलेल्या माशांची गणना झालेली नसली तरी ती उपेक्षणीय नसावी. त्या रॉडची ताकद हजार-पंधराशे वॉटची. भाऊसाहेबांच्या कोष्टकानुसार तो पन्नास लिटर पाणी सव्वादोन ते साडेतीन मिनिटांत एक अंशाने तापवितो, त्यास स्वतःहून थांबण्याची अक्कल बहुधा नसते, आणि त्याच्या नजीकच्या पाण्यास तर लगोलग उकळी फुटते. माशाची गोष्ट सोडा. रॉड चालू असताना त्या पाण्यात बोट घालणाऱ्याचीही धडगत नाही. न्हाणीघरातली बादली आणि दिवाणखान्यातली पेटी यांच्यात फरक हा की बादलीत कोणी राहत नाही.

अखेर तडजोड झाली ती अशी : तीनशेचा एक न घेता पन्नास-पन्नासाचे दोन घ्यावेत. दोन्ही मिळून शंभर वॉट, म्हणजे व्होल्टेज उतरले तरी साठ हाती राहतात, आणि अण्णांच्या ‘एक साइज मोठी’ या तत्त्वाचाही मान राहतो; शिवाय एक चालू अवस्थेत अडकला तर तो एकट्याने पाणी शिजवू शकत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा सकाळपर्यंत तग धरतो. एका बैलावर औत चालविण्यापेक्षा जोडी बरी, या भाषेत हा मुद्दा मांडताच अण्णांस तो तत्काळ पटला. दुकानदाराने त्यांच्या हाती एक काचेचा तापमापकही ठेवला, तेव्हा हीटरच्या टोपणावर अंश लिहिलेले असताना याचे प्रयोजन काय, असे त्यांनी विचारले. त्यास आमचे उत्तर असे, की ज्याच्या कामाची हजेरी मांडावयाची, त्याच्याच हाती हजेरीपत्रक देऊ नये. टोपणावरचा आकडा आणि पाण्यातले वास्तव यांत दोन-तीन अंशांचे अंतर असणे ही नित्याची गोष्ट आहे. तापमापक हीटरपासून दूर, पेटीच्या दुसऱ्या टोकास लावावा, म्हणजे खरी खबर कळते.

घरी आल्यावर ‘बॉयलर अग्निप्रदीपना’चा प्रश्न निघाला. आमचा तालुका साखर कारखान्यांचा. गळीत हंगामापूर्वी कारखान्याच्या बॉयलरमध्ये अग्नी प्रदीप्त करण्याचा समारंभ सपत्नीक पूजेने करावयाचा असतो, मग घरातला पहिलाच बॉयलर, तो दोन वितींचा का असेना, पूजेवाचून कसा पेटवावा? आजींनी हळदकुंकू आणले. नारळ पेटीवर फोडावा की उंबऱ्यावर, यावर थोडा काथ्याकूट झाला. उंबरा ठरला, हे काचेचे भाग्य. मुहूर्ताविषयी भाऊसाहेबांनी पंचांग पाहण्यात जो अर्धा तास घालविला, तो मात्र अत्यंत शास्त्रशुद्ध ठरला. काचेचा हीटर पाण्यात सोडल्यावर त्यास पाण्याचे तापमान येईपर्यंत पंधरा मिनिटे ते अर्धा तास थांबूनच बटण दाबावयाचे असते. पाण्याबाहेर तर तो क्षणभरही चालू करावयाचा नसतो, अन्यथा नळी तडकते. आणि काढतानाही हाच क्रम उलट : आधी पिन उपसावी, मग तितकाच वेळ वाट पाहावी, नंतर नळी बाहेर काढावी. पाणी बदलावयास घेतले की पेटीतील पातळी उतरते, उघडी पडलेली नळी तापत राहते, आणि वरून गार पाण्याची पहिली घागर पडताच तिचे तुकडे होतात. हीटर पाण्यात किती बुडवावा याची रेघ त्याच्यावर आखलेली असते. त्या रेघेचा मान पीकपाण्याच्या नोंदीपेक्षा अधिक राखावा, असे भाऊसाहेबांचे म्हणणे पडले.

बसविण्याच्या जागेबद्दल मात्र अण्णांस कोणी शिकविण्याची गरज पडली नाही. पाणी खेळते असेल तेथेच काम होते, हे पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसास ठाऊक असावयाचेच. फिल्टरमधून पाणी जेथे बाहेर पडते त्याच्याजवळ एक आणि समोरच्या कोपऱ्यात एक, असे दोन्ही हीटर तिरपे चिकटविण्यात आले. वाळूत पुरले नाहीत, कारण पुरलेल्या भागाची उष्णता बाहेर पडत नाही आणि काच तेथेच फुटते. ज्या रबरी वाट्यांनी ते काचेस चिकटतात, त्या मात्र वर्षा-दोन वर्षांत कडक होऊन साथ सोडतात.

वीज घरात आणली म्हणजे वायरमन हा त्या घराचा कुलगुरू ठरतो. त्याने भिंतीवरच्या तीन छिद्रांच्या सॉकेटकडे पाहून जे वाक्य उच्चारले, ते ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य घरांस लागू पडावे : “अण्णा, तिसरं भोक दिसतंय, पण आत वायरच नाय.” तिसरे छिद्र हे पुष्कळ ठिकाणी केवळ शोभेकरिता असते. मग मागल्या अंगणात खड्डा खणून, मीठ आणि कोळसा घालून अर्थिंगची तजवीज झाली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यास पाणी घालीत जावे, असे वायरमनने आजींस तुळशीच्या निमित्ताने सांगून ठेवले, म्हणजे ते विसरले जाणार नाही. त्याने बोर्डावर तीस मिलिअँपिअरची ईएलसीबी बसविली. अण्णांचे म्हणणे, एमसीबी असताना ही आणखी कशाला? पण एमसीबी ही वायरीच्या रक्षणार्थ तैनात असते, माणसाच्या नव्हे. गळती होऊन जो अल्प प्रवाह पाण्यातून हाताकडे आणि हातातून जमिनीकडे जातो, तो तिच्या खिजगणतीतही नसतो, आणि हृदय बंद पाडण्यास मात्र तो पुरतो. ईएलसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहते, आणि तीस हजारांशाची तूट दिसताच डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरवठा खंडित करते. जमाखर्चाची इतकी कडक तपासणी पाहून भाऊसाहेब सद्गदित झाले. शेवटी वायरमनने सॉकेटकडे जाणाऱ्या वायरीस खाली झोळ दिला, जेणेकरून पेटीतून वायरीवर ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन जमिनीवर ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. या झोळास एक पैसाही खर्च नसल्याने त्याचे महत्त्व अण्णांस उमगण्यास सर्वांत अधिक वेळ लागला. पेटीत हात घालण्याआधी पिन उपसावी, हा कायदा आजींनी सुनेस, नातवंडांस आणि आल्यागेल्यास सरसकट लागू केला.

हीटर चालू झाला, तांबडा दिवा लागला, आणि घरातील सर्व मंडळी त्या दिव्याकडे पाहत बसली. मध्यरात्रीच्या सुमारास दिवा विझला. अण्णांनी दार ठोठावून आम्हास उठविले. वस्तू पहिल्याच रात्री बिघडली, सकाळी जाऊन दुकानदारास धरावयाचे, असा त्यांचा निश्चय झालेला होता. तापमापकात सव्वीस अंश दिसत होते! दिवा विझणे हीच त्या उपकरणाच्या शहाणपणाची खूण होय, हे त्यांच्या गळी उतरविणे या साऱ्या प्रकरणातील सर्वांत कष्टाचे काम ठरले. साध्या हीटरच्या पोटात दोन भिन्न धातूंची एक जोडपट्टी असते; उष्णतेने एक धातू अधिक प्रसरण पावतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि विजेची वाट तुटते; पाणी निवले की ती सरळ होऊन वाट पुन्हा जुळते. इंग्लंडातील जॉन हॅरिसन या घड्याळजीने अठराव्या शतकात समुद्रावरील घड्याळ ऊनथंडीत चुकू नये म्हणून अशी पट्टी योजिली होती. दर खेपेस वाट जुळताना तुटताना जी ठिणगी उडते, तिने कालांतराने तेथील टोके एकमेकांस चिकटून बसतात, आणि मग हीटर थांबावयाचे विसरतो. म्हणून दोन-तीन हिवाळे काढलेल्या हीटरवर फार भरवसा ठेवू नये. बैल जुळल्यावर त्याची किंमत घसरते तशी याचीही, परंतु याचे दात पाहता येत नाहीत.

विजेचा खर्च हा भाऊसाहेबांचा पुढील विषय. शंभर वॉट अहोरात्र चालले तर दिवसास दोन युनिट आणि चाळीस शतांश. पण दिवा बहुतेक वेळ विझलेलाच असल्याने प्रत्यक्षात त्याच्या चौथाई-तिहाईच भरते. पेटीवर झाकण घातले तर त्यातही बचत होते, कारण उष्णतेचा मोठा हिस्सा वाफेवाटे माथ्यावरूनच पळतो. मागे आणि खाली थर्मोकोलचा पत्रा लावल्याने आणखी काही वाचते.

आणि वीज गेली तर? ऐन पौषात, शेतकरी रात्रीच्या लाइटीवर उसाला दारे धरावयास गेलेले असताना, गावातली वीज जाणे हा अनुभव काष्टीस परका नाही. अशा रात्री अण्णांच्या घरात कढत पाणी ओतण्याचा प्रस्ताव आला, तो आजींनीच फेटाळला आणि पेटीस आपली गोधडी गुंडाळली. पन्नास लिटर पाणी तासास फार तर अंशभराने निवते, गोधडीत त्याहूनही सावकाश. आणि मंद उतार मासा सोसतो, एकदम उडी सोसत नाही. फारच लांबले तर गरम पाण्याच्या बाटल्या घट्ट बुचे लावून पेटीत तरंगत ठेवाव्यात. खरे पाहता अशा वेळी गारठ्यापेक्षा मोठा धोका हा की फिल्टर थांबल्याने पाण्यात हवा मिसळत नाही. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जवळ असावा. थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो, ही त्यातल्या त्यात निसर्गाची मेहेरबानी.

आमच्या बोअरचे पाणी जड. महिन्या-दीड महिन्यात हीटरच्या नळीवर क्षारांचे पांढरे पुट चढते आणि आतली उष्णता आतच कोंडते. शहरातले लोक त्यास व्हिनेगर वापरतात म्हणे. श्रीगोंदे तालुक्यात, जेथे लिंबांची पोती भरून गाड्या परगावी जातात, तेथे तो आयात करण्याचे कारण नाही. हीटर काढून, गार करून, लिंबाची फोड चोळावी आणि स्वच्छ पाण्याने धुवावा. बाजारात लिंबास भाव मिळेनासा झाला त्या आठवड्यात अण्णांनी दोन्ही हीटर इतके चकचकीत केले की दुकानदाराने ते नवे म्हणून परत घेतले असते.

होळीनंतर हा सारा बंदोबस्त बरखास्त करावयाचा असतो. वैशाखात आमच्याकडे घरातले पाणी आपोआपच बत्तिशीच्या घरात जाते. तेव्हा हीटर काढून कपाटात ठेवावा, कारण तो पेटीत राहून चुकून लागला तर अडचणीत भर पडते. परंतु यंदा ही बरखास्ती लांबणीवर पडली आहे, आणि त्यास कारण झाल्या आजी. थंडीत विरजण लागत नाही ही घरोघरची तक्रार. आजींनी एका रात्री विरजणाची सटी त्या उबदार झाकणावर नेऊन ठेवली आणि सकाळी तीत सुरीने कापावे असे दही मिळाले. तेव्हापासून हीटरची पिन उपसण्याचा अधिकार अण्णांकडून त्यांच्याकडे गेला आहे, आणि सायंकाळी साडेसातनंतर पेटीचे पाणी बदलण्यास घरात सक्त मनाई आहे. भाऊसाहेबांपुढे मात्र नवीनच पेच उभा राहिला असून, महिन्याचे वीस-बावीस युनिट माशांच्या खाती मांडावेत की दह्याच्या, याचा निर्णय त्यांनी पुढील तारखेपर्यंत राखून ठेवला आहे.